वीबेने वारा बंद केला

"ज्या माणसानं एकतीस वर्षं आख्खे पूल बंद केले, त्याला दोन खिडक्या बंद करता येणार नाहीत?" असा वीबे तेरपस्त्राचा सवाल होता. सवाल बायकोला होता, त्यामुळे उत्तराची वाट न बघता त्याने स्वतःच सांगून टाकलं, "येतील. आणि अशा येतील की वारा बाहेर उभा राहून आपली माफी मागेल."

पूल म्हणजे अ‍ॅमस्टरडॅमच्या कालव्यांवरचे. उंच डोलकाठीची बोट आली की पूल उचलायचा, बोट गेली की खाली घेऊन घट्ट बसवायचा, आणि सायकलवाल्यांच्या शिव्या खायच्या, हे वीबेचं काम. पुढे ते सगळं एका दूरच्या खोलीतून बटणावर व्हायला लागलं. वीबेला एक भिंतीवरचं घड्याळ आणि फुलांचा गुच्छ देऊन घरी पाठवण्यात आलं. नोकरी गेली, पण हाताची सवय जाईना. घरातल्या बरण्यांची झाकणं तो अशी लावायचा की काकडीचं लोणचं खायचं झालं तर रूलीनला आधी त्यालाच हाक मारावी लागे.

खिडक्यांचं हे प्रकरण सुरू झालं पियानोमुळे. पियानो रूलीनच्या आईचा. आई गेल्यावर तो रूलीनकडेच यायचा होता, पण तिचा थोरला भाऊ एव्हर्ट म्हणाला की तुमचा जिना म्हणजे नुसती शिडी आहे, सध्या माझ्याकडे राहू दे. राहू दे म्हणता म्हणता अकरा वर्षं राहिला. एव्हर्टच्या घरात तो कुणालाच वाजवता येत नव्हता. त्याच्यावर कुटुंबाचे फोटो होते आणि चिनी मातीचा एक कुत्रा होता. इकडे रूलीन रोज संध्याकाळी बटाटे उकडेपर्यंत स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या कडेवर बोटं चालवायची. आवाज काही नाही, नुसती बोटं. कुठल्या ठिकाणी ती थबकते, कुठे तिचा डावा अंगठा अडखळतो, हे वीबेला तोंडपाठ झालं होतं. तो बघायचा आणि त्याला एव्हर्टचा भयंकर राग यायचा.

आणि नोव्हेंबरात एव्हर्टचा फोन आला! तो लहान घरात राहायला चालला होता. "तीन आठवड्यांनी, शनिवारी गाडी भरतोय," तो म्हणाला. "पियानो तुमच्या घरात गेला तर तुझा. नाही गेला तर तसाच पुढे चर्चच्या सभागृहात. त्यांनी मागूनच ठेवलाय. मी तो परत माझ्या घरी नेणार नाही."

रूलीनने फोन ठेवला आणि ती खुर्चीवर बसून रडली आणि मग हसली आणि मग तिने वीबेला मिठी मारली. वीबेला काय करू आणि काय नको असं झालं. त्याने खडू घेतला आणि समोरच्या खोलीत, दोन मोठ्या खिडक्यांच्या शेजारच्या भिंतीपाशी, जमिनीवर पियानोएवढा चौकोन आखला. त्या दिवसापासून दोघंही त्या चौकोनाला वळसा घालून चालायला लागली. एकदा वीबेचा पाय चुकून आत पडला तर तो "माफ कर" म्हणाला. वर्तमानपत्र वाचताना तो मान वर करून चौकोनाकडे बघायचा आणि समाधानाने पुन्हा वाचायला लागायचा. थोडक्यात, त्याच्या लेखी पियानो येऊन बसलासुद्धा होता. पुढच्या सगळ्या घोळाचं मूळ इथे आहे.

पियानोचे सूर जुळवणाऱ्या प्लॉय नावाच्या म्हाताऱ्याला त्यांनी आधीच जागा बघायला बोलावलं. प्लॉयने खिशातून मेणबत्ती काढली, पेटवली आणि खिडकीपाशी धरली. ज्योत आडवी झाली, थोडा वेळ तशीच पडून राहिली आणि विझली.

"इथं पियानो ठेवणार?" प्लॉय म्हणाला. "डिसेंबरातल्या सिंटरक्लासच्या सणाच्या आत बेसूर होईल. लाकडाला असला वारा चालत नाही."

रूलीनचा चेहरा पडला. वीबेने मात्र बाह्या वर केल्या. शेवटी कुणीतरी त्याला बंद करायला काहीतरी दिलं होतं!

तो आधी सामानाच्या दुकानात गेला. तिथल्या बाईने त्याला फोमची मऊ पट्टी दाखवली. चिकटवा, हिवाळा संपला की ओढून काढा, म्हणाली. वीबे तिच्याकडे बघून कीव आल्यासारखा हसला. काढायचीच असेल तर लावायची कशाला, असं तिला विचारून तो थेट बोटींच्या कारखान्यात गेला. तिथे त्याचा जुना दोस्त लुबर्ट होता. त्याच्या बोटी तीस वर्षं वीबेच्या पुलाखालून गेल्या होत्या. लुबर्टने त्याला फटी बुजवायच्या काळ्या सीलंटच्या सात नळ्या आणि त्या दाबायची लोखंडी बंदूक दिली. उत्तर समुद्रावर जाणाऱ्या बोटींच्या काचा यानेच बसवतात, तो म्हणाला.

"सुकलं की विसरून जायचं," असंही तो म्हणाला. वीबेला ही तारीफ वाटली.

मग तीन दिवस घरात दुसरा विषय नव्हता. वीबे शिडीवर, तोंडात टॉर्च, हातात बंदूक. दोन्ही खिडक्यांची दारं चौकटीला जिथे जिथे टेकत होती तिथे तिथे त्याने काळ्या सीलंटची जाड रेघ ओढली, ओल्या बोटाने दाबून बसवली, आणि वरून आणखी एक ओढली. कडीच्या भोकातून वारा येतोसा वाटला म्हणून कडीही बुजवली. मग हात थांबेनात म्हणून जमिनीच्या फळ्यांमधल्या फटी बुजवल्या. त्याच्या नाकाखाली काळी मिशी उमटली, ती आठवडाभर निघाली नाही. बुधवारी दुपारी त्याने मेणबत्ती पेटवून खिडकीशी धरली. ज्योत हूं की चूं न करता सरळ उभी! त्याने रूलीनला बोलावून दाखवलं, आणि संध्याकाळपर्यंत आणखी अकरा वेळा बोलावून दाखवलं.

रूलीन खरोखरच खूष झाली. ट्रामची घंटा ऐकू येईना, समुद्रपक्ष्यांची भांडणं ऐकू येईनात. "अरे, किती शांत झालंय," ती म्हणाली. "फक्त पियानोच ऐकू येईल आता."

यशाने माणसाला उपदेश करावासा वाटतो. वीबेला तो काल्कमनबाईंना करावासा वाटला. काल्कमनबाई दुसऱ्या मजल्यावर, बरोबर यांच्या खाली राहायच्या. बर्फ पडो की गारा, सकाळी सात वाजता त्यांची खिडकी सताड उघडायची आणि तिच्या कठड्यावर दुलई वाळत पडायची. वीबेने त्यांच्या टपालपेटीत चिठ्ठी टाकली: आपली खिडकी उघडी असल्यामुळे आमची जमीन गार पडते, कृपया विचार व्हावा. काल्कमनबाईंनी विचार केला आणि दुसऱ्या दिवसापासून दुसरी खिडकीही उघडायला सुरुवात केली. जिन्यात भेटल्या की त्या भिंतीकडे बघून चढायच्या.

शनिवार उजाडला. रूलीनने सफरचंदाचा केक आणला, निळा झगा घातला आणि नखं कापली, कारण नखं वाढलेली असली तर आई पियानोला हात लावू द्यायची नाही. बरोबर दहाला गाडी आली. पुढून एव्हर्ट उतरला, मागून सामानवाले दोघे. त्यांचा मुख्य हार्मेन म्हणून होता, दरवाजाएवढा रुंद माणूस. गल्ली बारापर्यंतच अडवायची परवानगी होती, त्यामुळे सगळे घाईत. वीबे काचेला नाक लावून बघत होता आणि रूलीनला एकेक बातमी देत होता. गाडीचं दार उघडलं. पियानो दिसला, घोंगड्यांत गुंडाळलाय. आता ते लांब शिडी काढतायत, तिच्यावरून वर सरकणारा फळा असतो ना, ती. शिडी लांब होतेय. आपल्याच घराकडे वळवली.

शिडीचं टोक हळूहळू वर आलं आणि त्याच्या नाकासमोर खिडकीच्या कठड्यावर टेकलं.

वीबे बोलायचा थांबला.

तेवढ्यात हार्मेन चोपन्न पायऱ्या चढून धापा टाकत आत आला. "हं, उघडा," तो म्हणाला.

"काय?"

"खिडकी. पियानो कुठून घ्यायचा?"

आता या गावात हे सांगावं लागत नाही. इथल्या जिन्यांवरून खुर्चीपेक्षा मोठं काही वर जात नाही. पलंग, कपाट, सोफा, सगळं खिडकीतून येतं. त्यासाठी जुन्या घरांच्या कपाळावर दोर अडकवायचे लोखंडी आकडे ठोकलेले आहेत. वीबे आणि रूलीनचा लग्नातला पलंग सव्वीस वर्षांपूर्वी ह्याच खिडकीतून आत आला होता, आणि त्याचा दोर खुद्द वीबेने धरला होता! पण तो तीन आठवडे जमिनीवरच्या पियानोला वळसे घालत होता. जो पियानो आलाच आहे तो कुठून येणार, हा प्रश्न माणसाला पडेल तरी कसा?

रूलीनने खिडकीकडे बघितलं. त्या काळ्या रेघेवरून तिची नजर वरपासून खालपर्यंत फिरली आणि वीबेवर येऊन थांबली. वीबे जमिनीकडे बघत होता.

हार्मेनने कडी धरून ओढली. कडी हातात आली. खिडकी होती तिथे राहिली.

"हे काय लावलंय?" त्याने विचारलं.

"बोटींचं," वीबे म्हणाला.

खाली हार्मेनचा जोडीदार वरच्या इशाऱ्याची वाट बघत उभा होता. वीबे काचेकडे धावला आणि त्याने दोन्ही हात डोक्यावर नेऊन जोरजोरात हलवले. पुलावरच्या भाषेत ह्याचा अर्थ थांबा, पुढे येऊ नका. सामानवाल्यांच्या भाषेत त्याचा अर्थ येऊ द्या, येऊ द्या. फळा हलला आणि पियानो वर यायला लागला. वीबे घसा फोडून ओरडला. काचेतून एक अक्षर बाहेर गेलं नाही. काम चोख झालं होतं! खालच्या माणसाला तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारा आनंदाने नाचताना दिसला आणि त्यानेही हात हलवला. रूलीनने एव्हर्टला फोन लावला. एव्हर्टने खिशातून फोन काढला, तिचं नाव बघितलं, हसला आणि फोन परत खिशात ठेवला. बहीण आभार मानायला फोन करतेय असं त्याला वाटलं, हे त्याने नंतर सांगितलं.

पियानो काचेसमोर येऊन उभा राहिला. आणि पाऊस सुरू झाला.

हार्मेन जिन्यावरून खाली पळाला. वीबेने स्वयंपाकघरातल्या सगळ्या सुऱ्या आणल्या. पहिली वाकली, दुसरी तुटली. चीज किसायची पट्टी आणली, तिचा आकडा झाला. केस वाळवायचं यंत्र लावून सीलंट तापवायला गेला तर त्याला नुसता बोटीसारखा वास यायला लागला. खाली एव्हर्टला कळलं होतं. तो हातवारे करून हार्मेनला खाली घ्या, खाली घ्या असं सांगताना स्पष्ट दिसत होता, आणि खाली घेणे म्हणजे काय हे वीबे आणि रूलीन दोघांनाही ठाऊक होतं. खाली म्हणजे गाडीत, आणि गाडीतून सभागृहात. वीबेने हातोडा उचलला.

रूलीनने तो त्याच्या हातातून काढून घेतला. "काच फोडून काय करणार आहेस?" ती म्हणाली. "चौकट राहतेच की. आणि काचा पडणार त्याच्यावर."

ती रागावली नव्हती, हेच वाईट होतं. आईचा पियानो तिच्यापासून एका हाताच्या अंतरावर होता. घोंगडीचं एक टोक उडालं होतं आणि तपकिरी लाकडाचा कोपरा भिजत होता. रूलीनने काचेवर हात ठेवला. थोड्या वेळाने तिची बोटं काचेवर हलायला लागली, टेबलावर हलायची तशीच. वीबेला शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. आयुष्यात त्याने कधी एखाद्या गोष्टीचा इतका तिरस्कार केला नव्हता जितका त्या क्षणी त्या काळ्या रेघेचा केला.

आणि पियानो खाली सरकायला लागला.

"नाही," वीबे म्हणाला, "नाही नाही नाही," आणि पायात बूट न घालता जिन्याकडे धावला. चोपन्न पायऱ्यांपैकी निम्म्या तो पायांनी उतरला आणि निम्म्या पार्श्वभागाने. दुसऱ्या मजल्यावर कुणाचं तरी दार उघडं होतं, आतून माणसांचे आवाज येत होते, पण बघायला वेळ कुणाला होता? तो भर पावसात गल्लीत आला आणि हात पसरून एव्हर्टच्या पुढे उभा राहिला.

"पियानो परत जाणार नाही," तो म्हणाला. "न्यायचा असेल तर माझ्यावरून गाडी घाल. दोष माझा आहे. तिचा काही दोष नाही. अकरा वर्षं ती टेबल वाजवतेय, एव्हर्ट. लाकडी टेबल. तुला माहितेय का?"

"कुठला पियानो?" एव्हर्ट वैतागून म्हणाला आणि त्याने वर बोट दाखवलं.

वीबेने वर बघितलं. फळा दुसऱ्या मजल्यावर थांबला होता आणि रिकामा होता. शेजारी काल्कमनबाईंची सताड उघडी खिडकी होती, आणि कठड्यावरून दुलई आत ओढून घेतली जात होती.

झालं होतं ते एवढंच. काल्कमनबाई दुलई आत घ्यायला खिडकीशी आल्या, वर बघितलं, आणि हार्मेनला म्हणाल्या की पियानो भिजतोय, एक मजला खाली आणा. हार्मेनने दोन्ही खिडक्यांची दारं बिजागरीतून उचलून बाजूला ठेवली आणि बघता बघता पियानो त्यांच्या बैठकीच्या खोलीत गेला. त्यांच्या खिडक्यांना आयुष्यात कुणी काही लावलं नव्हतं.

सगळे वर गेले. एव्हर्टने कपाळावरचं पाणी पुसलं आणि मुद्दा मांडला. तुमच्या घरात गेला तर तुझा, असं ठरलं होतं. हे काही रूलीनचं घर नव्हे.

काल्कमनबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "घर माझं," त्या म्हणाल्या. "पियानो हिचा. तुम्ही पाय पुसलेत का?"

एव्हर्ट पाय पुसायला बाहेर गेला. तो परत आला तेव्हा रूलीन स्टुलावर बसली होती. तिने घोंगडी बाजूला केली, झाकण उघडलं आणि आई रविवारी दुपारी वाजवायची ते वाजवायला लागली. तिसरी पट्टी अडकत होती, दोन सूर सरळ सरळ भांडत होते, आणि डावा अंगठा नेहमीच्या जागी अडखळला. पण या वेळी त्याचा आवाज आला. एव्हर्ट टोपी छातीशी धरून उभा राहिला आणि नंतर सभागृहाचा विषय त्याने काढला नाही. वीबे जिन्यातच उभा होता. त्याचे मोजे ओले होते आणि काल्कमनबाईंनी त्याला गालिच्यावर पाय ठेवू दिला नाही. चिठ्ठीचा उल्लेख त्यांनी केला नाही. तशी गरजही नव्हती.

पियानो वर चढवायला हार्मेनला पुढची तारीख फेब्रुवारीतली मिळाली. तोपर्यंत खिडकी मोकळी करून ठेवा, त्याने बजावलं. आणि त्या दिवसापासून रूलीन रोज जेवण झालं की गाण्यांच्या जुन्या वह्या काखेत मारून खाली जायला लागली. येताना तिचे गाल लाल झालेले असायचे. काल्कमनबाईंना गाता येतं, हे सांगत यायची. वीबेला बोलावणं नव्हतं.

तो वर बसायचा. खोली उबदार होती, मेणबत्तीची ज्योत सरळ होती, आणि ऐकू काहीही येत नव्हतं. त्याने जमिनीला कान लावून बघितला. पण फळ्यांमधल्या फटी कुणी बुजवल्या होत्या? वाटाण्याचं सूप शिजण्याचा आवाज यायचा, घड्याळाचा यायचा. ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो पियानो त्याच्या पायाखाली वाजत होता, आणि तो एकटाच बहिरा होता.

पाचव्या दिवशी तो लुबर्टकडे गेला. लुबर्ट इतका हसला की त्याला बोटीवर बसावं लागलं, पण त्याने सीलंट कापायची तार दिली. दोन लाकडी मुठी आणि मध्ये पोलादी तार, करवतीसारखी पुढेमागे ओढायची. वीबेने रोज दुपारी ओढली. बोटांची सालं निघाली. नवव्या दिवशी, पहिल्या खिडकीचं डावं दार करकरत वीतभर उघडलं, आणि बंदरावरचा सगळा वारा एकदम घरात आला. ट्राम आली, पक्षी आले. संध्याकाळी, खालच्या खिडकीच्या असंख्य फटींमधून निघून, भिंतीवरून चढत, रविवारचं ते गाणंही वर आलं. वीबेने कोट चढवला, कानटोपी घातली आणि खुर्ची खिडकीशी ओढली. दुसऱ्या दिवशी दुपारी तार हातात घ्यायचं त्याला सुचलं नाही. त्यानंतरही नाही.

डिसेंबरच्या मध्यावर एके संध्याकाळी रूलीन जरा लवकर वर आली. वीबे मफलर गुंडाळून उघड्या खिडकीत बसला होता आणि मांडीवर बोटं हलवत होता. तिला बघताच त्याने हात खिशात घातले.

"प्लॉय आला होता आज खाली," ती म्हणाली. "मेणबत्ती घेऊन. म्हणतो, काल्कमनबाईंच्या खिडक्या तर चाळणी आहेत, एवढ्या वाऱ्यात पियानो टिकायचा नाही. त्या विचारतायत, तू येऊन त्यांच्या फटी बुजवून देशील का? स्वतःहून विचारलं बरं का त्यांनी. म्हणाल्या, गालिच्यावर पाय ठेवला तरी चालेल."

वीबेने विचार केला. काल्कमनबाईंनी, स्वतःहून! महिन्यापूर्वी तो बंदूक घेऊन तीन तीन पायऱ्या गाळत खाली गेला असता.

"त्यांना सांग, मऊ पट्टी लावा," तो म्हणाला. "फेब्रुवारीत ओढून काढता येते. सीलंट माझ्याकडचं संपलं."

आणि पायाशी पडलेल्या तीन भरलेल्या नळ्या त्याने टाचेने हळूच खुर्चीखाली सरकवल्या. रूलीनला दिसल्या. ती स्वतःचा कोट घेऊन आली आणि त्याच्या शेजारी दुसरी खुर्ची ओढून बसली. खाली काल्कमनबाई एका बोटाने, भयंकर चुकत, काहीतरी वाजवायला शिकत होत्या.